गुलबर्गा लागतं, सोलापूर लागत नाही: एका स्वस्त रेडिओचं प्रकरण

"पुणं लागतंय, गुलबर्गा लागतंय, रात्री मुंबईबी लागतंय. आपलं सोलापूरच लागत नाय बघ."

अक्कांची ही तक्रार २०१० च्या दिवाळीनंतरची. अक्का म्हणजे पूर्व भागातल्या आमच्या जुन्या शेजारी. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीजवळ १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये घरांचा ताबा मिळाला आणि अक्का तिकडे राहायला गेल्या. दिवसभर मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, तंबाखू, दोरा. आणि उजव्या हाताला खिडकीत रेडिओ. विड्या वळताना डोळे आणि हात दोन्ही अडकलेले असतात, कान तेवढे मोकळे. अशा घरात रेडिओ बंद पडला की कामाचा दिवसच लांबतो.

त्यांचा जुना ट्रान्झिस्टर बरीच वर्षं चालून थकला होता. मुलानं मधल्या मारुतीजवळून १८० रुपयांचा नवा आणून दिला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, एएम आणि एफएम, बाजूला अंगठ्यानं फिरवायचं चाक. जुन्यावर सोलापूर केंद्र स्वच्छ लागायचं, नव्यावर नाही. सेल दोनदा बदलून झाले. कुणी सांगितलं, केंद्रच बंद झालं असेल. कुणी म्हणालं, एएमचा जमाना संपला, एफएम ऐका. पण शेजारणीच्या जुन्या संचावर तेच केंद्र त्याच वेळी वाजत होतं. केंद्र बंद नव्हतं आणि संचही बंद नव्हता. दहा-बारा किलोमीटरवरचं आपलं गाव ऐकू येत नव्हतं आणि शंभर किलोमीटरवरचं गुलबर्गा खणखणीत ऐकू येत होतं.

बरेच स्वस्त संच याच दुखण्यासाठी नावं ठेवून अडगळीत टाकले जातात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

१६०२ हे काय ठिकाण आहे

त्या वेळी आकाशवाणी सोलापूर १६०२ किलोहर्ट्झवर, एक किलोवॅट ताकदीनं प्रसारित होत असे. आपल्याकडे मध्यम लहरींचे, म्हणजे संचावर एएम लिहिलेल्या पट्ट्याचे, चॅनल ५३१ पासून सुरू होतात आणि नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरानं १६०२ ला संपतात. एकूण १२० चॅनल, त्यातला हा शेवटचा. ही मांडणी १९७५ च्या जिनिव्हा परिषदेत ठरली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. त्याच आराखड्यात १४८५, १५८४ आणि १६०२ हे तीन चॅनल कमी ताकदीच्या स्थानिक केंद्रांसाठी राखले गेले. छोट्या केंद्राला पट्ट्याचं वरचं टोक सोयीचं पडतं. १६०२ ची लहर १८७ मीटरची, तिचा चौथा हिस्सा ४७ मीटरच्या आत. तेवढा मनोरा पुरतो. मुंबईच्या ५५८ साठी त्याच हिशेबानं १३४ मीटर लागतात. शिवाय या टोकाच्या लहरी जमिनीलगत फार लांब जात नाहीत, त्यामुळे तोच चॅनल दूरच्या दुसऱ्या गावाला देता येतो. उटीलाही १६०२ च दिलेला होता.

केंद्राच्या दृष्टीनं सगळं ठीक. पण स्वस्त संचाच्या दृष्टीनं ही शेवटच्या घराची गल्ली. कारखान्यात एका संचावर काही सेकंदांपेक्षा जास्त हात फिरत नाही. मधली केंद्रं वाजली की माल पुढे सरकतो. टोकाला दहा-वीस किलोहर्ट्झ कमी पडले तर ते तिथं कुणाच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात येतं सोलापुरात.

पहिल्या दिवशी काय दिसलं

काटा उजवीकडे अगदी टोकाला नेला तरी नुसती खरखर. पण अक्कांनी एक गोष्ट सांगितली आणि तिथंच माझे कान टवकारले. "सोलापूर येतंय, पण मध्येच येतंय. सत्तरच्या पुढं. बारीक आवाजात. आणि रात्री शिट्टी वाजती."

रेडिओ समजून घ्यायला याहून चांगली खूण मिळत नाही. हे संच सुपरहेट पद्धतीचे. आत एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारं सर्किट, असतो आणि तो लावलेल्या केंद्रापेक्षा ४५५ किलोहर्ट्झनं वर चालतो. केंद्र आणि ऑसिलेटर यांच्यातला ४५५ चा फरक पुढे जाऊन आवाज बनतो. पण फरक दोन्ही बाजूंनी मोजता येतो. संच ६९२ वर लावला की ऑसिलेटर ११४७ वर असतो. ११४७ वजा ६९२ म्हणजे ४५५. आणि १६०२ वजा ११४७ म्हणजेही ४५५. जवळचं १६०२ इतकं जोरदार असतं की अँटेनाच्या एकुलत्या एका ट्यून केलेल्या सर्किटला ते पुरतं अडवता येत नाही. मग सोलापूर ६९२ च्या जागी चोरपावलांनी आत येतं. याला प्रतिमा म्हणतात. आणि शिट्टी? रात्री ६९३ वर दूरचं बंगाली केंद्र यायचं. त्याचा ऑसिलेटरशी फरक ४५४, सोलापूरचा ४५५. या दोहोंतला एक किलोहर्ट्झ म्हणजेच ती शिट्टी.

थोडक्यात, १६०२ ची लहर संचाच्या आत येत होती, आतली आयसी आणि फिल्टर नीट चालत होते. संचाला फक्त १६०२ पर्यंत पोचता येत नव्हतं.

दुसरी खूण डायलवर होती. अक्कांनी काचेवर टिकल्या चिकटवल्या होत्या. आकडे बारीक, चष्मा लावल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून पुण्याला लाल, गुलबर्ग्याला हिरवी, विविध भारतीला एफएमच्या ओळीवर मोठी मरून. पुण्याचं केंद्र ७९२ वर. लाल टिकली मात्र ८२ च्या जवळ (डायलवर शेवटचं शून्य छापत नाहीत, ८२ म्हणजे ८२०). गुलबर्गा ११०७ वर, हिरवी टिकली ११३ च्या आसपास. दोन्ही केंद्रं छापलेल्या आकड्यापेक्षा पुढे लागत होती. याचा सरळ अर्थ, सबंध पट्टा खाली घसरलेला आहे. डावीकडे ५३० च्या खाली, जिथं काहीच नाही, तिथं संच फुकट फिरत होता आणि उजवीकडे तेवढीच जागा गमावत होता.

अंदाज बांधला तरी आकडा हातात हवा. सिग्नल जनरेटर, म्हणजे हवी ती लहर तयार करून देणारं यंत्र, माझ्याकडे नव्हता, आजही नाही. त्याची गरज पडत नाही. मध्यम लहरी आणि १७११ पासून पुढं सलग लावता येणारा, काचेवर आकडे दाखवणारा एक डिजिटल संच माझ्याकडे होता. तो अक्कांच्या संचाला खेटून ठेवला. अक्कांच्या संचातला ऑसिलेटर स्वतःच एक अगदी दुबळं प्रक्षेपण करत असतो. शेजारचा संच त्या आकड्यावर आला की खरखर एकदम दबते, जणू कुणी खोलीचं दार लावून घेतलं. दबलेला आवाज त्याचाच आहे ना, हे अक्कांच्या संचाचं चाक किंचित हलवून कळतं; खरखर परत येते. काटा डाव्या टोकाला असताना शांतता मिळाली ९६१ वर, उजव्या टोकाला २०३५ वर. दोन्हींतून ४५५ वजा केले: संच ५०६ पासून १५८० पर्यंत फिरत होता. १६०२ ला २२ किलोहर्ट्झ कमी.

रुंदी की जागा

इथं मी पहिल्या दिवशी घाई केली आणि तासभर वाया घालवला. मनात ठरवून टाकलं की वरचं टोक म्हणजे ट्रिमर, स्क्रूनं जुळवायचा बारीक कपॅसिटर. शिकताना तेच शिकलेलं असतं: खालचं टोक कॉइलनं, वरचं टोक ट्रिमरनं.

ट्रिमर गँगच्या, म्हणजे केंद्र लावायच्या चाकानं फिरणाऱ्या कपॅसिटरच्या, पाठीवर असतात. एएम-एफएम संचाच्या गँगवर चार. त्यातला कुठला कशाचा हे कारखाना लिहीत नाही. आधी बारीक पेननं चारही स्क्रूंच्या खाचांची मूळ दिशा प्लॅस्टिकवर आखून घेतली. हे केल्याशिवाय पहिला स्क्रूसुद्धा हलवू नये. मग गुलबर्गा लावून एकेक किंचित हलवला. दोघांनी एएमवर काहीच फरक पडला नाही, ते एफएमचे. एकानं आवाज फक्त कमी-जास्त झाला, तो अँटेनाचा. चौथा हलवताच गुलबर्गा जागचं हललं, तो ऑसिलेटरचा.

आणि तो चौथा डावीकडे फिरवला तरी गुलबर्गा उजवीकडे पळालं, उजवीकडे फिरवला तरी उजवीकडेच. ट्रिमर म्हणजे दोन अर्धचकत्या. एक दुसरीवर सरकते. कुठंही फिरवलं तरी केंद्र काट्याच्या एकाच बाजूला जात असेल तर ट्रिमर आधीच पूर्ण उघडा आहे. त्याच्याकडून आणखी काही मिळणार नव्हतं. आहे तिथं परत आणून ठेवला.

माझा पोलादी स्क्रूड्रायव्हरही आड येत होता. त्याचं टोक स्क्रूला टेकलं की केंद्र सरकायचं, उचललं की परत जायचं. धातू आणि हात मिळून सर्किटला एक जादा कपॅसिटर जोडतात. मग बांबूची कामटी तासून तिचं टोक चपटं केलं. तेव्हापासून आजतागायत तीच हत्यारं वापरतो, झिजली की नवी तासायची.

मग कागद घेऊन बसलो, जे मी आधीच करायला हवं होतं. कुठल्याही ट्यून होणाऱ्या सर्किटात वरची आणि खालची वारंवारता यांचं गुणोत्तर काढून त्याचा वर्ग केला की कपॅसिटर किती पट बदलायला हवा ते कळतं. ५३१ ते १६०२ साठी अँटेनाच्या बाजूला हे सुमारे ९.१ पट येतं. ऑसिलेटर मात्र ९८६ ते २०५७ एवढंच फिरतो, त्याला ४.३५ पट पुरतात. म्हणूनच गँगचे दोन भाग सारखे नसतात. ऑसिलेटरचा धाकटा असतो. आता अक्कांच्या संचाचे आकडे: २०३५ भागिले ९६१, त्याचा वर्ग ४.४८. म्हणजे गरजेपेक्षा जास्तच.

या एका आकड्यानं सगळं प्रकरण उलगडलं. संचाची रुंदी कमी नव्हती, त्याची जागा चुकली होती. ट्रिमर रुंदी ठरवतो, कारण तो गँग उघडी असताना उरणाऱ्या थोड्या पिकोफॅरडमध्ये (कपॅसिटर मोजायचं एकक) मोठा वाटा उचलतो आणि गँग मिटली की त्याचा हिस्सा नगण्य होतो. कॉइलचा कोअर, म्हणजे तारेच्या वेढ्यांमधला फिरवता येणारा गाभा, जागा ठरवतो. तो फिरवला की दोन्ही टोकं एकाच प्रमाणात सरकतात. ज्या कुणी हा संच जुळवला त्यानं ट्रिमर पुरता उघडून ठेवला होता, पण कोअर गरजेपेक्षा आत बसवला होता.

माझ्या अनुभवात स्वस्त संचांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक मात्र पल्ला वाढवायच्या नादात कपॅसिटर काढतात, कॉइलचे वेढे कमी करतात, संच कायमचा बिघडवतात. आधी दोन्ही टोकं मोजा, गुणोत्तराचा वर्ग काढा. ४.३५ च्या वर असेल तर सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचंही कारण नाही.

लाल कॉइल

आत एका ओळीत पत्र्याच्या चौकोनी डब्या दिसतात. लाल डोक्याची ऑसिलेटरची. पिवळी, पांढरी, काळी या आयएफटी, म्हणजे फक्त ४५५ साठीच्या कॉइल. या संचात फिल्टर सिरॅमिकचा असल्यामुळे आयएफटी एकच होती, पिवळी. तिला हात लावायचा नाही. ती ४५५ ला बसवलेली असते. ती हलली की केंद्रं सगळी लागतात पण सगळीच दबलेली लागतात, आणि मग कारण शोधता शोधता दिवस जातो.

लाल कॉइलचा कोअर फेराइटचा, काचेसारखा ठिसूळ. खाच एकदा तुटली की कोअर आत अडकून बसतो. कामटी खाचेत नीट बसवली, दाब न देता डावीकडे वळवली. इकडे डिजिटल संच २०७० वर लावून ठेवला आणि अक्कांच्या संचाचा काटा उजव्या टोकाला. अर्ध्या फेऱ्याच्या आतच खरखर दबली.

२०७० का? वजा ४५५ म्हणजे १६१५. हवं होतं १६०२, मी १३ किलोहर्ट्झ जास्त घेतले. या गँगमध्ये उजव्या टोकाला केंद्रं दाटीवाटीनं बसतात, बोटाच्या हलक्या स्पर्शानं केंद्र निसटतं. केंद्र अगदी टोकाला टेकवून ठेवलं तर त्याच्या पलीकडे जाऊन परत येता येत नाही, आणि नेमका सूर पलीकडे जाऊन परत आल्यावरच सापडतो. शिवाय सोलापूरचा उन्हाळा. पत्र्याखाली मे महिन्यात संच तापतो, कॉइल आणि गँग दोन्ही थोड्या फुगतात, ऑसिलेटर खाली घसरतो. तेवढी जागा राखून ठेवावी लागते.

मग डावं टोक तपासलं. ऑसिलेटर ९७७ च्या पुढं, म्हणजे संच ५२२ पासून सुरू. ५३१ शाबूत. काटा उजवीकडे नेला, एक केस मागे घेतला आणि खोलीत सोलापूर केंद्र भरून राहिलं. अक्कांच्या हातातली कात्री थांबली.

पण काम अजून अर्धंच झालं होतं. ऑसिलेटर हलवला की केंद्राची जागा बदलते. अँटेना मात्र अजून जुन्याच जागेवर कान लावून असते. दोघांची चाल पुन्हा जुळवावी लागते. सोलापूर जवळचं, ते कसंही वाजेल. पण पुणं आणि धारवाड दबले होते. पल्ला मिळवून बाकीची केंद्रं गमावली तर अक्कांना त्यात काय फायदा?

खालच्या बाजूला अँटेना कॉइल फेराइटच्या दांड्यावर सरकवून जुळवतात. मध्याकडे नेली की कॉइलचं मूल्य (इंडक्टन्स) वाढतं, टोकाकडे नेली की कमी होतं. ती मेणानं चिकटवलेली असते, म्हणून सरकवण्याआधी कुठल्या दिशेनं हे विचारून घेणं बरं. विचारायची एक जुनी युक्ती आहे. धारवाड ७६५ वर, दिवसाउजेडी कमी पण स्थिर लागायचं. ते लावलं आणि दांड्याच्या टोकावरून पितळेची एक अंगठी कॉइलजवळ नेली. आवाज वाढला. अंगठी म्हणजे मिटलेला एक वेढा. तो कॉइलचं मूल्य कमी करतो. तेवढ्यानं आवाज वाढला, तर कॉइलला कमीच हवं आहे, टोकाकडे सरकवा. अंगठीऐवजी फेराइटचा तुकडा नेऊन आवाज वाढला असता तर उलट. मेण सोल्डरिंग आयर्नच्या नुसत्या धगीनं मऊ केलं, आयर्न टेकवली नाही, कारण ती तार केसासारखी बारीक असते. कॉइल दोनेक मिलिमीटर सरकवली. आता अंगठी नेली तरी आवाज कमी व्हायचा आणि फेराइट नेला तरी कमी व्हायचा. म्हणजे जागा बरोबर.

वरच्या बाजूला अँटेनाचा ट्रिमर. इथं अडचण अशी की सोलापूर इतकं जोरात येतं की संचातली आवाज सांभाळणारी योजना सगळा फरक झाकून टाकते; ट्रिमर कुठंही असला तरी कानाला सारखंच. त्यावर उपाय संच फिरवण्याचा. फेराइटच्या दांड्याचं टोक केंद्राच्या दिशेनं केलं की आवाज पडतो. तसा तो पाडून, कुजबुजीपर्यंत आणून, मग ट्रिमर फिरवला. कुजबूज जिथं मोठी झाली तिथं थांबलो. मग पुन्हा धारवाड, पुन्हा सोलापूर. एकाला हात लावला की दुसरं थोडं हलतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतातच. रात्रीच्या केंद्रांवर हे काम करू नये. ती आकाशातून उसळून येतात, त्यांचा आवाज आपोआप चढत-उतरत असतो आणि आपल्याला वाटतं आपल्या हातानंच वाढला.

शेवटी मागचं झाकण लावून, सेल घालून पुन्हा तपासलं. सेलचे पत्रे आणि स्पीकरचं लोहचुंबक अँटेनाच्या शेजारीच असतात, उघड्या संचावर जुळवलेलं झाकणाखाली थोडं हलतं. या संचात एक-दोन किलोहर्ट्झ हललं, राखलेल्या जागेत ते मावलं. लाल कोअरवर आणि अँटेना कॉइलवर मेणबत्तीच्या मेणाचा एकेक थेंब. झटपट चिकटणारा गोंद कधीही नको. पुढच्या माणसाला कोअर फिरवता आला पाहिजे.

टिकल्या

एक गोष्ट मी आधी विचारायला हवी होती, ती विचारली नाही. संच परत दिल्यावर अक्कांनी सवयीनं काटा लाल टिकलीवर नेला. पुणं नाही. तिथं दुसरीच खरखर.

"माझी टिकली चुकली की रे."

चुकणारच. सगळा पट्टा उजवीकडून डावीकडे सरकला होता. पुणं आता ८० च्या किंचित अलीकडे, गुलबर्गा ११० च्या पुढं, म्हणजे छापलेल्या आकड्यांशी जवळजवळ जुळणारं. माझ्या लेखी संच आता बरोबर झाला होता. त्यांच्या लेखी हाताला पाठ झालेली सगळी ठिकाणं एका दुपारीत हलली होती. ज्यांना आकडा वाचून नव्हे तर बोटाच्या अंदाजानं केंद्र लावायची सवय आहे त्यांच्या संचाला हात लावण्याआधी हे सांगितलं पाहिजे. मग आम्ही दोघं बसलो, एकेक केंद्र लावलं आणि टिकल्या सोडवून नव्या जागी चिकटवल्या. लालचा चिकटपणा गेला होता, तिथं नवी लावली. उजव्या टोकाला सोलापूरसाठी पिवळी.

अक्कांचा संच वाजतोय म्हटल्यावर त्याच आठवड्यात आणखी चार संच माझ्यापुढे आले. त्यातल्या तिघांचा ऑसिलेटर ट्रिमर अर्धवट मिटलेला होता. तिथं खरोखर रुंदीच कमी होती आणि ट्रिमर थोडा उघडताच काम झालं. अशा संचाला अर्ध्या पिकोफॅरडचा फरकसुद्धा वरच्या टोकाला तीस-पस्तीस किलोहर्ट्झ देतो आणि खालचं टोक जेमतेम तीन-चार किलोहर्ट्झ हलतं, त्यामुळे टिकल्याही फारशा हलत नाहीत. चौथ्यात इलेक्ट्रॉनिक्सचा दोषच नव्हता. डायलची दोरी सैल होती, काटा टोकाला पोचायचा पण गँग पूर्ण उघडतच नव्हती. ते आधी बघावं. झाकण उघडून गँगचं चाक हातानं शेवटपर्यंत फिरतं का एवढं पाहिलं तरी पुढचे कष्ट वाचतात.

चौथा संच घेऊन आलेल्या मुलानं विचारलं, "१७०० पर्यंत न्या की. इंटरनेटवर लोक नेतात." ते लोक अमेरिकेतले. तिकडे १९९० च्या दशकात पट्टा १७०० पर्यंत वाढवला, त्यामुळे जुने संच वर ओढण्याला तिथं अर्थ आहे. आपल्याकडे १६०२ नंतर ऐकण्यासारखं काही नाही, आणि किंमत मात्र मोजावी लागते. अक्कांचा संच फक्त कोअर बाहेर काढून १७०० पर्यंत नेला असता तर खालचं टोक ५६२ ला आलं असतं. मुंबईचं ५५८ त्याच्या चार किलोहर्ट्झ खाली राहतं. न ऐकण्याच्या १७०० साठी रात्रीची मुंबई गेली असती. मुलाला ते पटलं. तिकडून येणाऱ्या नातेवाइकांकडून रेडिओ मागवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिकडचा डिजिटल संच दहा-दहाच्या पायऱ्यांनी चालतो, १६०० वर थांबतो, मग १६१० वर. मधल्या १६०२ वर नेमका येत नाही. नऊ-दहाचं बटण असेल तरच तो संच इथं उपयोगाचा.

मेच्या मध्यावर अक्कांचा फोन आला. उन्हं चढली की सोलापूर टिकलीच्या जरा पुढं, टोकाकडं सरकतं, संध्याकाळी परत येतं. घसरण माझ्या हिशेबातलीच होती, राखलेल्या १३ किलोहर्ट्झच्या आतली. येऊन बघू का, असं विचारलं.

"कशाला? मी आणखी एक टिकली लावलीय. दुपारची वेगळी."